अन्न, औषध आणि वकील

१९३७ च्या शरद ऋतूत अमेरिकेत एका पातळ औषधाने माणसे दगावू लागली. घसादुखीवर दिले जाणारे, रास्पबेरीच्या चवीचे ते औषध होते आणि घेणाऱ्यांत लहान मुले बरीच होती. टेनेसी राज्यातल्या मॅसेंगिल कंपनीने सल्फानिलामाइड हे त्या काळचे गुणकारी औषध डायएथिलिन ग्लायकॉलमध्ये विरघळवून बाजारात आणले होते. हे रसायन मूत्रपिंडे निकामी करते. कंपनीने विक्रीपूर्वी विषबाधेची चाचणी केली नव्हती आणि १९०६ चा अमेरिकी कायदा तशी चाचणी मागतही नव्हता. शंभराहून अधिक माणसे मेली. एफडीएच्या, म्हणजे अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकांनी गावोगाव फिरून बाटल्या गोळा केल्या, पण जप्तीसाठी कायद्याचा आधार एकच सापडला. बाटलीवर ‘एलिक्झिर’ असे छापले होते. एलिक्झिरमध्ये अल्कोहोल असावे लागते आणि या औषधात ते नव्हते. विष विकल्याबद्दल नव्हे, तर चुकीच्या नावाने विकल्याबद्दल तो माल उचलता आला.

पुढच्याच वर्षी, २५ जून १९३८ रोजी, अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी नव्या कायद्यावर सही केली. नवे औषध विकण्याआधी ते सुरक्षित असल्याचा पुरावा सरकारपुढे ठेवणे त्यामुळे बंधनकारक झाले.

विष कोणते हे रसायनशास्त्रज्ञ सांगू शकतो आणि त्याने शरीरात काय घडले हे डॉक्टर सांगू शकतो. पण ते विकणे हा गुन्हा ठरावा, तो न्यायालयात टिकावा, सदोष माल बंदरावर अडावा आणि दगावलेल्यांच्या घरच्यांना भरपाई मिळावी, यासाठी कायद्याची यंत्रणा लागते. ती उभी करणारा, चालवणारा आणि तिच्यातल्या फटी शोधणारा माणूस म्हणजे अन्न व औषध कायद्याचा वकील. आपल्याकडे फौजदारी, दिवाणी, महसूल, कामगार या शाखांचे वकील लोकांना ओळखीचे आहेत, ही शाखा फारशी नाही. जगात मात्र ती शतकभराची वाट चालून आली आहे. या वाटेवर वकिलांनी काय काय कामे केली आणि त्यांची गरज असूनही ते कुठे पोहोचले नाहीत, याचा हा आढावा.

नियम घडवणारे

या शाखेचा पाया अमेरिकेत घातला गेला. १९४९ मध्ये तिथे अन्न कायद्याच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्था निघाली आणि न्यूयॉर्क विद्यापीठात या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण मिळू लागले. पीटर बार्टन हट हे तिथून १९६० साली बाहेर पडलेले वकील. वॉशिंग्टनमधल्या कोव्हिंग्टन अँड बर्लिंग या पेढीत त्यांनी काम सुरू केले. १९७१ ते १९७५ या काळात ते एफडीएचे मुख्य विधी सल्लागार होते. तोवर एफडीए एकेका मालावर जप्ती आणि एकेका कंपनीवर खटला अशा पद्धतीने चालत असे. शेकडो उत्पादनांच्या बाबतीत हे अशक्य होते. हट यांनी सर्वांना एकदमच लागू होतील असे नियम करण्यावर भर दिला. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या औषधांचा वर्गवार फेरविचार आणि पाकीटबंद पदार्थांवर पोषणमूल्ये छापण्याचे १९७३ चे नियम ही त्या काळातली कामे. आज पुण्या-मुंबईच्या दुकानातल्या बिस्किटाच्या पुड्यावर ऊर्जा, प्रथिने, साखर यांचा तक्ता दिसतो. अशा तक्त्यांच्या जागतिक प्रवासाचा एक आरंभ तिथे आहे. नंतर हट पुन्हा त्याच पेढीत गेले आणि हार्वर्डमध्ये हा विषय शिकवू लागले. त्यांनी आणि एफडीएतले त्यांचे उत्तराधिकारी रिचर्ड मेरिल यांनी मिळून लिहिलेले पाठ्यपुस्तक कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी वापरले.

मायकेल टेलर यांची कारकीर्द याहून वेगळी आणि वादाची आहे. १९९३ मध्ये अमेरिकेत जॅक इन द बॉक्स या हॅम्बर्गर विकणाऱ्या दुकानांतून ई. कोलाय जिवाणूची साथ पसरली. सातशेहून अधिक माणसे आजारी पडली, चार मुले मेली. मांसात रोगजंतू सापडले तरी त्याला भेसळ म्हणायचे नाही, अशी तेव्हाची सरकारी भूमिका होती. १९७४ च्या एका निकालात न्यायालयानेच म्हटले होते की मांस नीट शिजवून खायचे असते हे गृहिणींना माहीत असते. साथीनंतर टेलर कृषी खात्यात मांस तपासणीचे प्रमुख झाले. सप्टेंबर १९९४ मध्ये मांस उद्योगाच्याच संमेलनात उभे राहून त्यांनी जाहीर केले की खिम्यात हा जिवाणू सापडला तर यापुढे तो माल भेसळयुक्त समजला जाईल. उद्योगाने टेक्सासच्या न्यायालयात दाद मागितली आणि तो हरला. त्यासाठी संसदेत नवा कायदा करावा लागला नाही. जुन्या कायद्यातल्या ‘भेसळ’ या व्याख्येत हा जिवाणू बसवण्याचे धैर्य एका वकिलाने दाखवले आणि त्यामागे शास्त्रीय पुरावा उभा केला.

हेच टेलर नंतर मोन्सँटो कंपनीत उपाध्यक्ष झाले. २००९ मध्ये ते पुन्हा सरकारी सेवेत, एफडीएत आले आणि २०११ च्या अन्नसुरक्षा आधुनिकीकरण कायद्याची अंमलबजावणी त्यांच्या देखरेखीखाली सुरू झाली. सरकार आणि उद्योग यांच्यात असे येणे-जाणे या शाखेत नेहमीचे आहे. त्याचा लाभ खरा आहे, कारण कारखान्याच्या आत काय चालते हे ठाऊक असलेला माणूस नियम नेमके लिहितो. धोकाही तितकाच खरा आहे. ज्याच्याकडे उद्या नोकरी मागायची त्याच्याविरुद्ध आज कलम कडक करणे सोपे नसते. म्हणून मधल्या काळात कोणती कामे घेऊ नयेत याचे नियम आणि हितसंबंध जाहीर करण्याचे बंधन यांना या क्षेत्रात फार महत्त्व आहे.

बंदरावरची लढाई

आंतरराष्ट्रीय अन्न-औषध वकिलाचे रोजचे काम न्यायालयात फारसे नसते. ते कागदांत आणि मुदतींत असते. अमेरिकी कायद्याच्या आयातविषयक कलमानुसार परदेशी माल भेसळयुक्त असल्याचे सिद्ध व्हावे लागत नाही, तसा तो नुसता ‘दिसला’ तरी पुरते. माल अडतो आणि तो चांगला आहे हे पटवण्याची जबाबदारी आयातदारावर पडते. औषधांच्या कारखान्यात एफडीएचे निरीक्षक आले आणि त्यांना उणिवा दिसल्या तर ते जाताना ‘फॉर्म ४८३’ हातात ठेवतात. त्याला पंधरा कामकाजी दिवसांत समाधानकारक उत्तर गेले नाही तर इशारापत्र येऊ शकते. त्यानंतर त्या कारखान्याचा माल आयातबंदीच्या यादीत जाऊ शकतो. एफडीएने २००९ मध्ये नवी दिल्ली आणि मुंबई इथे कार्यालये उघडली, तेव्हापासून ही प्रक्रिया भारतीय औषध उद्योगाच्या दारात आली. त्या पंधरा दिवसांत गुणवत्ता अधिकारी, उत्पादन प्रमुख आणि वकील एकाच टेबलाशी बसतात. काय चुकले, ते कधीपर्यंत दुरुस्त होईल आणि आधी विकलेल्या औषधांचे काय करायचे, हे ठरवतात. चांगला वकील इथे कंपनीला खरे सांगायला लावतो. लपवलेली नोंद पुढच्या तपासणीत सापडली की प्रकरण गुणवत्तेचे राहत नाही, फसवणुकीचे होते.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला ही लढाई वेगळ्या मार्गाने कळली. २०१० मध्ये युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाचे अंश तिथल्या मर्यादेपेक्षा जास्त आढळले. शेतकरी ते लिहोसिन या नावाने ओळखतात. आपल्याकडे बागेत त्याचा वापर रूढ होता. युरोपच्या नियमातली मर्यादा मात्र अगदी कमी होती. माल अडकला, भाव कोसळले आणि निर्यातदारांसह बागायतदारांना मोठा फटका बसला. २०१४ मध्ये युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणावरून हापूससह भारतीय आंब्याची आयात बंद केली, ती २०१५ च्या आरंभी उठली. अमेरिकेची बाजारपेठ २००७ मध्ये खुली झाली, ती विकिरण प्रक्रियेच्या अटीवर. लासलगावच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रकल्पातून त्या वर्षी आंबे गेले. मे २०२५ मध्ये नवी मुंबईत विकिरण झालेल्या आंब्याच्या पंधरा खेपा अमेरिकी विमानतळांवर अडल्या. कारण फळांत दोष होता हे नव्हे, तर विकिरणाच्या कागदपत्रांत त्रुटी असल्याचे तिकडच्या अधिकाऱ्यांचे म्हणणे होते. माल परत नेण्याचा खर्च परवडणारा नसल्याने तो तिथेच नष्ट केला गेला.

देशागणिक नियम किती वेगळे असतात याचे ताजे उदाहरण इथिलीन ऑक्साइडचे आहे. मसाल्यातले जंतू मारायला हा वायू वापरतात. युरोपात अन्नासाठी तो वापरायला बंदी आहे. अमेरिकेत वाळलेल्या मसाल्यांत दहा लाखांत सात भागांपर्यंत त्याचा अंश चालतो. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरच्या अधिकाऱ्यांनी भारतीय मसाल्यांच्या काही उत्पादनांवर याच कारणाने कारवाई केली, तेव्हा भारतात बरीच खळबळ उडाली. एकाच पाकिटाला एका देशात परवानगी, दुसऱ्यात बंदी. अशा वेळी निर्यातदाराला आधीच सावध करणारा वकील हवा असतो. मोठ्या कंपन्यांकडे तो असतो. तासगाव किंवा दिंडोरीच्या द्राक्षबागायतदारांच्या गटाकडे, रत्नागिरीच्या आंबा उत्पादकांच्या संस्थेकडे तो सहसा नसतो.

देशाची बाजू

नियमांतली ही तफावत कमी व्हावी म्हणून संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून कोडेक्स अलिमेंटारियस आयोग स्थापन केला. त्याचे पहिले अधिवेशन १९६३ मध्ये रोममध्ये भरले. कोडेक्सची मानके सुरुवातीला निव्वळ शिफारशी होत्या. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेबरोबर स्वच्छता आणि वनस्पती-आरोग्य उपायांचा करार अमलात आला आणि त्या शिफारशींना कायद्याचे वजन मिळाले. कोडेक्सपेक्षा कडक नियम करायचा असेल तर देशाने जोखमीचे शास्त्रीय मूल्यमापन दाखवायला हवे, असा तो करार आहे. त्या दिवसापासून कोडेक्सच्या समित्यांत शास्त्रज्ञांच्या शेजारी वकीलही बसू लागले. मसाले आणि पाककृतीतल्या वनस्पतींच्या कोडेक्स समितीचे यजमानपद भारताकडे आहे, तिची पहिली बैठक २०१४ मध्ये कोचीत झाली.

या कराराची मोठी परीक्षा गोमांसाच्या खटल्यात झाली. वाढीसाठी हार्मोन दिलेल्या गुरांचे मांस युरोपने १९८९ पासून बंद केले होते. अमेरिका आणि कॅनडाने तक्रार केली. जानेवारी १९९८ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळाने सांगितले की ही बंदी जोखमीच्या मूल्यमापनावर उभी नाही. युरोपने तरीही बंदी उठवली नाही, १९९९ पासून वाढीव आयातशुल्काचा मार सोसला आणि हा वाद पुढे बरीच वर्षे चालला. जिंकलेल्या पक्षाला बाजारपेठ मिळाली नाही. निकाल आणि अंमल यांतले हे अंतर आंतरराष्ट्रीय कायद्याच्या वकिलाने आपल्या अशिलाला पहिल्याच दिवशी सांगायला हवे.

भारत या प्रकारच्या खटल्यात प्रतिवादी होता तो बर्ड फ्लूच्या प्रकरणात. रोग असलेल्या देशांतून कोंबडीचे मांस आणि अंडी आणण्यावर भारताने घातलेली बंदी अमेरिकेने २०१२ मध्ये आव्हानित केली. जून २०१५ मध्ये अपील मंडळाने भारताविरुद्ध निकाल दिला. भारताने स्वतःचे जोखीम मूल्यमापन केले नव्हते आणि संपूर्ण देशाऐवजी फक्त रोगग्रस्त प्रदेशापुरती बंदी घालण्याची सोय ठेवली नव्हती. यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. अधिसूचना काढण्याआधी खात्याने वकिलाला विचारले असते तर मूल्यमापनाचा अहवाल आधीच तयार झाला असता. विकसनशील देशांना अशा प्रकरणांत कमी खर्चात मदत मिळावी म्हणून जिनिव्हात २००१ पासून एक सल्ला केंद्र काम करते, ही या क्षेत्रातली एक स्तुत्य सोय आहे.

रुग्णाच्या बाजूचे

औषध सुरक्षित असून भागत नाही, ते परवडलेही पाहिजे. इथे औषध कायदा पेटंट कायद्याला येऊन मिळतो. १९८४ च्या हॅच-वॅक्समन कायद्याने अमेरिकेत जेनेरिक औषधांना सोपा मार्ग दिला. पेटंटला आव्हान देणाऱ्या पहिल्या जेनेरिक कंपनीला १८० दिवस एकटीने विक्री करण्याची संधीही दिली. भारतीय औषध कंपन्यांच्या अमेरिकेतल्या वाढीचा मोठा भाग या एका कायद्यातल्या तरतुदींवर उभा आहे, आणि त्या तरतुदींवरून झालेल्या दाव्यांनी वकिलांच्या अनेक पेढ्या मोठ्या केल्या.

रुग्णांसाठी उभ्या राहिलेल्या वकिलांत मुंबईचे नाव वारंवार येते. आनंद ग्रोव्हर आणि इंदिरा जयसिंग यांनी १९८१ मध्ये स्थापन केलेल्या लॉयर्स कलेक्टिव्हने एचआयव्हीग्रस्तांचे आणि कर्करुग्णांचे अनेक दावे लढवले. ग्लिव्हेक या रक्ताच्या कर्करोगावरच्या औषधाच्या पेटंटविरुद्ध मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने हरकत घेतली होती. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने नोव्हार्टिस कंपनीचे अपील फेटाळले. जुन्याच औषधाच्या नव्या रूपाला, त्याची उपचारक्षमता वाढल्याचे दाखवल्याशिवाय, नवे पेटंट मिळणार नाही, हे पेटंट कायद्याचे कलम ३(ड) त्या निकालाने पक्के केले. त्याच्या वर्षभर आधी, मार्च २०१२ मध्ये, पेटंट नियंत्रकांनी मुंबईत नेक्साव्हार या औषधासाठी भारतातला पहिला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय औषध बनवण्याचा परवाना, दिला. महिन्याला २,८०,४२८ रुपयांना मिळणारे औषध त्यामुळे ८,८८० रुपयांत मिळण्याची वाट मोकळी झाली. २०२३ मध्ये क्षयावरच्या बेडाक्विलिन या औषधाच्या पेटंटची मुदत वाढवणारा अर्ज फेटाळला गेला. हरकत घेणाऱ्यांत क्षयातून बऱ्या झालेल्या आणि उपचारांत श्रवणशक्ती गमावलेल्या मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन होत्या.

या लढ्याला जागतिक पाठबळ देणाऱ्यांत डच वकील एलेन ट होन यांचा वाटा मोठा आहे. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सच्या औषध मोहिमेत त्यांनी काम केले आणि २०१० मध्ये स्थापन झालेल्या मेडिसिन्स पेटंट पूलच्या त्या पहिल्या कार्यकारी संचालक होत्या. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने एड्सवरच्या तीन औषधांचे मिश्रण वर्षाला ३५० डॉलरला देऊ केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दोहा जाहीरनाम्याने सार्वजनिक आरोग्यासाठी पेटंटमधून वाट काढण्याचा देशांचा हक्क मान्य केला. कंपनीने कमी किमतीत औषध देऊ केल्यावर ते गरजूपर्यंत पोहोचायला कायद्याची अशी मोकळीक लागतेच.

पीडितांचे वकील

जॅक इन द बॉक्सच्या साथीनंतर सिएटलचे बिल मार्लर यांनी आजारी मुलांच्या बाजूने दावे लढवले आणि एका मुलीसाठी १ कोटी ५६ लाख डॉलरची तडजोड मिळवली. पुढे त्यांनी अन्नविषबाधेच्या दाव्यांनाच वाहून घेतले. नुकसानभरपाईची रक्कम मोठी असेल तर कंपनीचा विमा महाग होतो आणि विमा कंपनीच कारखान्याला स्वच्छतेकडे लक्ष द्यायला लावते. निरीक्षकाच्या भेटीपेक्षा हा धाक अनेकदा जास्त परिणामकारक ठरतो.

फौजदारी जबाबदारीच्या बाजूने १९७५ चा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मैलाचा दगड मानला जातो. अ‍ॅक्मे मार्केट्स या कंपनीच्या बाल्टिमोरच्या गोदामात उंदरांचा सुळसुळाट होता. अध्यक्ष जॉन पार्क यांना झालेला दंड अवघा २५० डॉलर होता, पण कंपनीच्या सर्वोच्च पदावरचा माणूस स्वतः जबाबदार धरता येतो हे तत्त्व त्यातून स्थिर झाले. पुढे २०१५ मध्ये सॅल्मोनेला असलेले शेंगदाण्याचे पदार्थ जाणूनबुजून विकणाऱ्या पीनट कॉर्पोरेशन ऑफ अमेरिकाच्या प्रमुखाला २८ वर्षांची शिक्षा झाली.

आतली माहिती बाहेर आणणाऱ्या माणसाला वकिलाचा आधार किती लागतो हे रॅनबॅक्सी या भारतीय औषध कंपनीच्या प्रकरणाने दाखवले. कंपनीचे माजी अधिकारी दिनेश ठाकूर यांनी २००५ मध्ये एफडीएला तिथल्या बनावट चाचणी-नोंदींची माहिती दिली. अँड्र्यू बिअटो या वकिलाने त्यांच्यातर्फे अमेरिकी सरकारच्या फसवणुकीविरुद्धच्या कायद्यानुसार दावा दाखल केला. दावा वर्षानुवर्षे गोपनीय राहिला. मे २०१३ मध्ये कंपनीने सात गुन्हे कबूल केले आणि एकूण ५० कोटी डॉलर भरायचे मान्य केले. आतल्या माणसाला संरक्षण आणि मिळालेल्या रकमेत वाटा देणारा असा कायदा भारतात नाही. ठाकूर यांनी पुढे भारतातल्या औषध नियमनाबद्दल सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, पण तिथे त्यांना यश आले नाही. नंतर त्यांनी वकील प्रशांत रेड्डी यांच्यासह त्याच विषयावर ‘द ट्रूथ पिल’ हे पुस्तक लिहिले.

भारतातली स्थिती

१९३७ मध्ये अमेरिकेत ज्या रसायनाने बळी घेतले ते आजही बळी घेत आहे. जानेवारी-फेब्रुवारी १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलिन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरॉलने १४ रुग्ण दगावले. न्या. लेंटिन आयोगाने पुरवठादारापासून रुग्णालय, अन्न व औषध प्रशासन आणि मंत्रालयापर्यंत सगळ्यांच्या कारभारावर ताशेरे ओढले. ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गांबियातल्या ६६ मुलांच्या मृत्यूंचा संबंध भारतात बनलेल्या पातळ औषधांशी असण्याची शक्यता जाहीर केली. भारत सरकारने आपल्या चाचण्यांत नमुने निर्दोष आढळल्याचे सांगितले. त्यानंतर उझबेकिस्तानातही तशीच घटना घडली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या न्यायालयाने २३ जणांना शिक्षा सुनावली. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा परिसरात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुलांचा जीव घेतला. निर्यात होणाऱ्या खोकल्याच्या औषधांची सरकारी प्रयोगशाळेत चाचणी १ जून २०२३ पासून सक्तीची आहे. छिंदवाड्याच्या मुलांनी घेतलेले औषध देशातच विकले गेले होते.

भारतातला कायदा कमी पडतो तो बहुधा कलमांमुळे नव्हे. तो हरतो पद्धतीत. १९६० च्या दशकातल्या घीसाराम खटल्यात दिल्लीच्या एका दह्याच्या विक्रेत्याविरुद्धचा आरोप टिकला नाही. खटला दाखल व्हायला इतका उशीर झाला की दह्याचा नमुना नासला आणि फेरतपासणीचा आरोपीचा हक्क बुडाला. सर्वोच्च न्यायालयाने त्याची सुटका कायम ठेवली. ६० वर्षे होत आली तरी या निकालाचा आधार बचावाचे वकील घेतात, आणि योग्यच घेतात. निरीक्षकाने नमुन्याचे भाग नीट केले नाहीत, सील पुसट होते, प्रयोगशाळेचा अहवाल औषधाची मुदत संपल्यावर आला, अशा कारणांनी खटले कोसळतात. सरकारी बाजूला या विषयात मुरलेला वकील असेल तर यातल्या बहुतेक चुका आधीच टळतात.

मॅगी प्रकरण याचा सर्वांत ठळक पुरावा आहे. शिशाचे प्रमाण जास्त असल्याच्या कारणाने अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ५ जून २०१५ रोजी नेस्ले कंपनीच्या मॅगी नूडल्सवर देशभर बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑगस्टला ती रद्द केली. कंपनीला आपले म्हणणे मांडायची संधी दिली नव्हती आणि ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर बंदी उभी होती त्या कायद्यानुसार मान्यताप्राप्त नव्हत्या, असे न्या. वि. म. कानडे आणि न्या. बर्जिस कोलाबावाला यांच्या खंडपीठाने म्हटले. शिसे जास्त होते की नव्हते, हा मूळ प्रश्न पद्धतीच्या चुकांखाली गाडला गेला. लोकांना त्याचे स्पष्ट उत्तर त्या बंदीतून मिळालेच नाही. सहाच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने व्हायटल न्यूट्रास्युटिकल्स प्रकरणातला मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल उचलून धरला. नव्या उत्पादनांना मंजुरी देण्याची प्राधिकरणाची पद्धत निव्वळ सल्लापत्रकांवर चालत होती आणि त्यांना कायद्याचे बळ नव्हते, असे त्यात ठरले. आठवड्याभरात दोन मोठे पराभव, आणि दोन्हींचे कारण कायद्याच्या जाणकारीचा अभाव.

२०२३ च्या जनविश्वास कायद्याने औषध कायद्यातल्या कलम २७(ड) खालचे गुन्हे तडजोडीने मिटवण्याची मुभा दिली. किरकोळ चुकांसाठी कारखानदारांना तुरुंगाची भीती नको, हे समर्थकांचे म्हणणे. पण प्रमाणापेक्षा कमी दर्जाच्या औषधांचे पुष्कळ खटले याच कलमाखाली येतात, हा टीकाकारांचा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. रुग्णाचा वकील समोर नसताना निरीक्षक आणि उत्पादक यांच्यात होणारी तडजोड रुग्णाच्या हिताची होईल याची खात्री कोण देणार?

पुढे काय हवे

या शाखेतला प्रत्येक प्रकारचा वकील भारतात आहे, पण त्यांची वाटणी असमान आहे. कंपन्यांकडे उत्तम वकील आहेत आणि ते असायलाच हवेत, कारण कारखाना नियमात चालला तरच औषध शुद्ध निघते. प्राधिकरणांच्या बाजूला, राज्यांच्या औषध आणि अन्न प्रशासनांच्या खटल्यांत, शेतकऱ्यांच्या निर्यात संस्थांत आणि पीडित कुटुंबांच्या शेजारी मात्र या विषयाचा जाणकार क्वचित दिसतो. राज्य सरकारांनी अन्न-औषध खटल्यांसाठी स्वतंत्र, प्रशिक्षित अभियोक्ते नेमावेत. प्राधिकरणांनी आदेश काढण्यापूर्वी कायदेशीर छाननी बंधनकारक करावी. बागायतदार संघांनी कीटकनाशक सल्लागाराइतकेच महत्त्व निर्यात कायद्याच्या सल्लागाराला द्यावे. औषधनिर्माणशास्त्र, अन्नतंत्रज्ञान किंवा रसायनशास्त्र शिकून पुढे कायद्याची पदवी घेणाऱ्या मुलामुलींना यापेक्षा उपयोगाचे क्षेत्र सापडणे कठीण आहे.

आणि एक गोष्ट वाचकांसाठी. औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्याच्या कलम २६ नुसार कोणीही व्यक्ती किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटना शुल्क भरून खरेदी केलेले औषध सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकते. कलम ३२ नुसार पीडित व्यक्ती आणि मान्यताप्राप्त ग्राहक संघटनेला थेट फौजदारी खटलाही दाखल करता येतो. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० ने ग्राहकाला अन्नाचा नमुना तपासून घेण्याचा हक्क दिला आहे आणि दोष आढळला तर भरलेले शुल्क परत मिळते. हे हक्क कागदावर आहेत, त्यांचा वापर फार कमी होतो. ग्राहक संघटनांनी आणि तरुण वकिलांनी ते वापरायला सुरुवात करावी.